आयसीयू नर्सची बदलती जबाबदारी: खाटेपाशी घ्यायचे निर्णय आणि ते सुरक्षितपणे घेण्याची पद्धत

आयसीयूतल्या नर्सचे काम पूर्वी तीन वाक्यांत सांगता यायचे: दर तासाला चार्ट भरा, लिहिलेली औषधे वेळेवर द्या, काही बिघडले तर डॉक्टरांना कळवा. आज त्याच खाटेपाशी उभी असलेली नर्स नॉरॲड्रिनॅलिनचा (रक्तदाब टिकवणारे औषध, बोलताना ‘नॉरॲड’) वेग कमी-जास्त करते, सकाळी गुंगीचे औषध थांबवते आणि रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेऊ शकेल का याची चाचणी लावते. डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ) ओळखणे, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) टाकताना निर्जंतुकपणा मोडला तर प्रक्रिया थांबवणे, वॉर्डात ढासळणाऱ्या रुग्णाला पाहायला जाणे हीदेखील आता तिचीच कामे आहेत. निदान आणि उपचाराची दिशा डॉक्टर ठरवतात. पण त्या दिशेने या क्षणी पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय खाटेपाशी आला आहे, कारण तिथे सतत हजर असते ती नर्स.

ही वाट नवी नाही. १९६० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी कोरोनरी केअर युनिट सुरू झाली तेव्हा डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र) वापरणे हे डॉक्टरांचेच काम मानले जाई, आणि डॉक्टर धावत येईपर्यंतच्या मिनिटांत रुग्ण दगावत. मग नर्सना ईसीजी वाचायला शिकवले, कोणत्या लयीला शॉक द्यायचा हे लिहून दिले आणि त्यानंतर शॉक देण्याची मुभा दिली. आधी शिक्षण, मग लेखी मर्यादा, मग परवानगी. आजही नवी जबाबदारी याच क्रमाने आली तर ती रुग्णाच्या फायद्याची ठरते. क्रम उलटला, म्हणजे माणसे कमी आहेत म्हणून काम आधी आले आणि शिक्षण नंतर कधीतरी, तर अपघात ठरलेला.

काम हाती घेण्याआधी कागदावर काय हवे

कोणतीही नवी जबाबदारी घेताना चार गोष्टी लेखी मागा.

पहिली, मर्यादा. ‘बीपी पाहून नॉरॲड ॲडजस्ट करा’ हा आदेश नव्हे. चालेल असा आदेश साधारण असा असतो: मॅप म्हणजे सरासरी रक्तदाब ६५ ते ७० ठेवा, सुरुवात ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. दर ५ मिनिटांनी ०.०२ ते ०.०५ ने बदल; डोस ०.२५ ला पोहोचला किंवा अर्ध्या तासात दुप्पट झाला तर डॉक्टरांना बोलवा. आकडे प्रत्येक विभागाचे वेगळे असतील, पण लक्ष्य, पायरी, अंतर आणि थांबण्याची रेषा या चारही गोष्टी आदेशात असल्याच पाहिजेत.

दुसरी, क्षमतेची नोंद. आधी पाहिले, मग कुणाच्या देखरेखीखाली केले, मग कारण सांगता आले, आणि अनुभवी व्यक्तीने सही केली. ‘कारण सांगता आले’ ही पायरी गाळू नका. बटण दाबता येणे आणि का दाबले हे सांगता येणे यांतला फरक रात्री तीन वाजता कळतो.

तिसरी, कुणाला बोलवायचे आणि तो आला नाही तर पुढचा कोण. चौथी, या नव्या कामाच्या बदल्यात कोणते जुने काम कमी झाले. ही चौथी गोष्ट बहुतेक ठिकाणी कुणी लिहीतच नाही. सामान आणणे, कागद जुळवणे, नमुने पोचवणे तसेच राहते आणि त्यावर निर्णयाचे काम येऊन पडते. मग निर्णय घाईत होतात.

आपल्या देशाच्या नर्सिंग कौन्सिलचे नियम आणि रुग्णालयाचे धोरण या कामाला परवानगी देते का, हेही आधी पाहून घ्या. तोंडी परवानगी चौकशीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

शिफ्टच्या सुरुवातीची फेरी

निर्णय ज्या आकड्यांवर घ्यायचे ते आकडे खरे आहेत का, हे आधी ठरवावे लागते. म्हणून हँडओव्हर खाटेपाशीच घ्या, आणि जाणारी सहकारी निघण्यापूर्वी दोघींनी मिळून फेरी पूर्ण करा.

आधी जीव वाचवणारे सामान: ॲम्बू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क हाताशी, ऑक्सिजनचा स्रोत चालू, सक्शन लावून पाहिलेले. मग श्वासनलिकेतली ट्यूब: दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते वाचा आणि आधीच्या नोंदीशी ताडा. प्रौढांत साधारणतः स्त्रियांना २१ आणि पुरुषांना २३ च्या आसपास असते. आकड्यापेक्षा तो बदलला का हे महत्त्वाचे. ट्यूबभोवतीच्या फुग्याचा, म्हणजे कफचा, दाब दाबमापकाने २० ते ३० सेंटिमीटर पाणी ठेवा. बोटाने पायलट बलून (कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) दाबून केलेला अंदाज चुकतो. दाब कमी असेल तर लाळ खाली झिरपते, जास्त असेल तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो.

त्यानंतर प्रत्येक इन्फ्यूजन बाटलीपासून रुग्णाच्या शरीरापर्यंत हाताने धरून तपासा. डोळ्यांनी नव्हे, हाताने. औषध, तीव्रता, पंपावरचा वेग, कोणत्या ल्यूमेनमध्ये (लाइनच्या आतल्या वेगळ्या वाटेत) जाते, त्याच नळीत दुसरे काय आहे. नॉरॲडच्या ल्यूमेनमधून कुणीही दुसरे औषध झटकन देऊ नये. नळीत साठलेले नॉरॲड त्या धक्क्याने एकदम आत जाते आणि रक्तदाब उसळतो. त्या ल्यूमेनला वेगळे लेबल लावा.

शेवटी अलार्मच्या मर्यादा या रुग्णासाठी लावा. कारखान्यातून आलेल्या मर्यादा कुणाच्याच उपयोगाच्या नसतात. सतत खोटा वाजणारा अलार्म काही तासांत कानाआड होतो, आणि मग खराही ऐकू येत नाही. ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदलले, त्वचा पुसून कोरडी केली, तर खोटे अलार्म बरेच कमी होतात. मॉनिटरवरून संगणकात आपोआप भरलेले आकडे मान्य करण्यापूर्वी रुग्णाकडे पाहा. सुटलेल्या प्रोबचे आकडेही संगणक तितक्याच विश्वासाने लिहून घेतो.

नॉरॲड वाढवणे आणि कमी करणे

इथे चुका गणितापासून सुरू होतात, म्हणून हिशेब दर शिफ्टला स्वतः करा. ४ मिलिग्रॅम नॉरॲड ५० मिलीमध्ये म्हणजे प्रति मिली ८० मायक्रोग्रॅम. रुग्णाचे वजन ६० किलो आणि डोस ०.१ असेल, तर मिनिटाला ६ आणि तासाला ३६० मायक्रोग्रॅम लागतील. ३६० भागिले ८० म्हणजे तासाला ४.५ मिली. कुणी सिरिंजमध्ये ८ मिलिग्रॅम भरले आणि पंपावर ४.५ तसाच ठेवला, तर डोस दुप्पट झाला. अँप्यूलवरचे लेबलही नीट वाचा: काहींवर नॉरॲड्रिनॅलिन बेसचे वजन असते, काहींवर टार्ट्रेट क्षाराचे. २ मिलिग्रॅम टार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस. पुरवठादार बदलला की हा गोंधळ होतो.

वेग बदलण्याआधी मोजमाप तपासा. आर्टेरियल लाइनचा (धमनीत बसवलेली, सतत रक्तदाब मोजणारी नळी) ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब वाचणारा सेन्सर, हृदयाच्या पातळीला, म्हणजे चौथ्या बरगडीखालच्या फटीत छातीच्या कडेच्या मध्यरेषेवर हवा. तो १० सेंटिमीटर खाली गेला तर दाब सुमारे ७.५ मिलिमीटर पाऱ्याने खोटा जास्त दिसतो. ट्रान्सड्यूसर स्टँडवर बांधलेला असताना कुणी खाट वर उचलली की नेमके हेच घडते: खरा मॅप ६० असतो, पडद्यावर ६८ दिसतो, आणि आपण नॉरॲड कमी करतो. खाट हलली, डोक्याकडची बाजू वर-खाली झाली, रुग्णाला कुशीवर वळवले, की पातळी पुन्हा लावायची.

मग लाइनमधला सलाइनचा फ्लश ओढून सोडा आणि लहर पाहा. चौकोनी उंचवट्यानंतर एक-दोन छोटे हेलकावे आणि नेहमीची लहर, हे ठीक. हेलकावा न येता लहर आळसावल्यासारखी परतली तर नळीत हवेचा बुडबुडा, गुठळी, पीळ किंवा प्रेशर बॅग (फ्लशच्या सलाइनवर दाब देणारी पिशवी) ढिली आहे. ती ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगलेली हवी. अशा लहरीत वरचा दाब कमी दिसतो. खूप हेलकावे येत असतील तर वरचा दाब खोटा जास्त दिसतो. दोन्ही प्रसंगी मॅपवर तुलनेने अधिक भरवसा ठेवता येतो. शंका असेल तर दंडाला रक्तदाबाचा कफ लावा.

सिरिंज बदलणे हा दिवसातला सर्वांत धोक्याचा अर्धा मिनिट. नवी सिरिंज पंपात बसवली तरी दट्ट्या आणि पंपाची पकड यांत बारीक फट राहते. वेग तासाला २-३ मिली असेल तर ती फट भरेपर्यंत कित्येक मिनिटे रुग्णाला औषध मिळतच नाही. उपाय असा: जुनी सिरिंज संपायच्या बऱ्याच आधी नवी भरा, दुसऱ्या पंपात बसवा, रुग्णाला न जोडता पर्ज करून (थोडे औषध पुढे ढकलून) नळीच्या टोकाला थेंब येऊ द्या, मग जोडा. जास्त डोसवर असलेल्या रुग्णात नवा पंप सुरू करून दाब चढू लागला की जुना हळूहळू कमी करा. पंपाची उंची रुग्णाच्या बरोबरीने ठेवा. चालू पंप वर उचलला की थोडे औषध जादा जाते.

नॉरॲड हातातल्या शिरेतून चालू असेल तर ती शीर मोठी हवी, मनगटाच्या वरची, आणि जागा निदान तासाला एकदा उघडून पाहायची. त्वचा पांढरी, गार किंवा सुजलेली दिसली तर ते इन्फ्यूजन त्या जागी थांबवा, दुसऱ्या शिरेतून लगेच सुरू करा, कॅन्युला काढण्याआधी त्यातून जमेल तेवढे औषध ओढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. रक्तवाहिन्या सैल करणारे फेंटोलामाइन त्वचेखाली दिल्यास ऊती वाचू शकतात, पण ते लवकर द्यावे लागते.

आणि वाढता डोस हा स्वतः एक निरोप असतो. लेखी मर्यादेत आहे म्हणून ०.०८ चे ०.१२ आणि ०.१२ चे ०.१५ करत गेलो, प्रत्येक पाऊल नियमात बसले, तरी रुग्ण बिघडतोय हे कुणी म्हटलेच नाही, असे सहज होते. दुसऱ्यांदा वाढवताना थांबा आणि विचारा: ड्रेनमध्ये रक्त वाढले का, ताप नवा आहे का, एका बाजूला हवा जात नाही का, लघवी किती झाली, सिरिंज बदलली होती का. उत्तर काहीही येवो, फोन करा.

वेदना, गुंगी, डिलिरियम: याच क्रमाने

नर्सच्या भूमिकेतला सर्वांत मोठा बदल इथे आहे, आणि रुग्णाला सर्वांत जास्त फायदाही इथेच होतो. पूर्वी शांत झोपलेला व्हेंटिलेटरवरचा रुग्ण म्हणजे चांगली शिफ्ट असे समजत. खोल गुंगीने व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात, स्नायू झिजतात आणि डिलिरियम झाकला जातो, हे आता पक्के ठाऊक आहे.

आधी वेदना. बोलू न शकणाऱ्या रुग्णात सीपॉट ही वेदनेची मोजपट्टी वापरा: चेहरा, शरीराच्या हालचाली, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे. प्रत्येकाला ० ते २, एकूण ८. गुण ३ किंवा जास्त आले तर आधी वेदनाशामक द्या आणि औषधाचा परिणाम दिसण्याच्या वेळेला पुन्हा मोजा. नाडी आणि रक्तदाब वाढणे हा केवळ इशारा. त्यावरून वेदनेचा निष्कर्ष काढू नका. वेदनेने तळमळणाऱ्याला मिडाझोलाम हे गुंगीचे औषध देणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो गप्प होतो, पण दुखणे तसेच राहते.

मग गुंगीची पातळी, रास मोजपट्टीने, वजा ५ ते अधिक ४. आधी काही न बोलता पाहा. जागा आणि शांत असेल तर ०. नसेल तर नावाने हाक मारा. डोळे उघडून १० सेकंदांहून जास्त नजर दिली तर वजा १, कमी दिली तर वजा २, नजर न देता नुसती हालचाल केली तर वजा ३. हाकेला काहीच नाही तर खांदा हलवा: हालचाल झाली तर वजा ४, नाही तर वजा ५. बहुतेक रुग्णांसाठी लक्ष्य ० ते वजा २ असते. चार्टवर लक्ष्य आणि प्रत्यक्ष गुण शेजारी-शेजारी लिहा. नुसता गुण लिहिला तर तफावत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

सकाळी गुंगी थांबवण्याआधी सुरक्षेचे प्रश्न विचारा. झटके चालू आहेत का? दारू सुटल्याची लक्षणे आहेत का? स्नायू शिथिल करणारे औषध चालू आहे का? गेल्या २४ तासांत हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण आहे का? मेंदूतला दाब वाढलेला आहे का? अस्वस्थता आवरण्यासाठीच औषध वाढवत आहोत का? सगळ्यांचे उत्तर ‘नाही’ असेल तर गुंगीचे औषध पूर्ण थांबवा. वेदनेसाठी चालू असलेले औषध चालू ठेवा. आता खाट सोडू नका. श्वास ५ मिनिटे ३५ च्या वर राहिला, ऑक्सिजनची पातळी ५ मिनिटे ८८ टक्क्यांखाली गेली, नवी लय सुरू झाली किंवा रुग्ण आवरेनासा झाला, तर चाचणी थांबवा आणि औषध आधीच्या निम्म्या डोसने सुरू करा. पुन्हा पूर्ण डोस लावला तर सकाळची मेहनत वाया जाते.

रुग्ण जागा झाला की लगेच श्वासाची चाचणी, एसबीटी. गुंगीत घेतलेली चाचणी फुप्फुसांमुळे नव्हे, औषधामुळे फसते, म्हणून या दोन्ही पायऱ्या एकाच सकाळी जोडायच्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा जोडणीमुळे रुग्णांना व्हेंटिलेटरविना जास्त दिवस मिळाले आणि वर्षभरातले मृत्यूही कमी दिसले. स्वतःच ट्यूब ओढून काढण्याचे प्रसंग त्या गटात वाढले, पण पुन्हा ट्यूब टाकावी लागण्याचे प्रमाण वाढले नाही. म्हणजे त्यांतल्या अनेकांना ट्यूबची गरज उरलीच नव्हती.

चाचणीसाठी एफआयओटू (व्हेंटिलेटरच्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण) ५० टक्के किंवा कमी, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब) ८ किंवा कमी, ऑक्सिजनची पातळी ८८ किंवा वर, रुग्ण स्वतः श्वास घेतोय आणि रक्तदाबाची औषधे वाढत नाहीत, एवढे हवे. आधी सक्शन करा. पाठ उचलून बसते करा आणि काय होणार ते रुग्णाला सांगा. प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वासाला व्हेंटिलेटरची मदत) ५ ते ८ वर आणा आणि अर्धा तास पाहा. पहिली काही मिनिटे सर्वांत बोलकी असतात. मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाचे लिटर, हा आकडा काढा: ३० श्वास आणि २५० मिली म्हणजे १२०, २२ श्वास आणि ४०० मिली म्हणजे ५५. १०५ च्या वर गेल्यास बहुधा जमणार नाही. पण आकडा बरा असूनही रुग्ण घामेजलेला, मानेचे स्नायू ओढत असलेला आणि घाबरा दिसला तर डोळ्यांवर विश्वास ठेवा, थांबवा, आधीच्या सेटिंगवर न्या आणि पुढची चाचणी दुसऱ्या दिवशी घ्या.

चाचणी पार पडली म्हणजे ट्यूब काढायची असे नाही. खोकला किती जोरकस, दर किती वेळाने सक्शन लागते, साध्या सूचना पाळतो का, ट्यूबचा कफ सोडल्यावर बाजूने हवा गळते का, हे सांगूनच डॉक्टरांना कळवा. ट्यूब काढण्याचा निर्णय त्यांचा. तो लवकर आणि योग्य व्हावा इतकी माहिती पुरवणे आपले काम.

डिलिरियमसाठी दर शिफ्टला एकदा कॅम-आयसीयू ही तपासणी करा. रास वजा ४ किंवा वजा ५ असेल तर ती करता येत नाही, तसे लिहा. मनःस्थितीत अचानक बदल किंवा चढउतार आहे का ते पाहा, मग लक्षाची परीक्षा: दहा अक्षरे तीन-तीन सेकंदांनी वाचा, ठरवलेले अक्षर आले की हात दाबायचा. दोनहून जास्त चुका म्हणजे लक्ष टिकत नाही. त्यासोबत शुद्धीची पातळी बदललेली असेल किंवा विचार विस्कळीत असतील तर डिलिरियम आहे. आरडाओरडा करणारा रुग्ण कुणालाही ओळखता येतो. निपचित, आज्ञाधारक, छताकडे पाहत पडलेला रुग्ण ‘आज शांत आहेत’ म्हणून सुटतो, आणि तो संख्येने जास्त असतो.

डिलिरियम दिसला तर कारण शोधायला लावा: संसर्ग, ऑक्सिजन, साखर, बद्धकोष्ठता, लघवी अडकणे, बेंझोडायझेपिन (मिडाझोलामसारखी औषधे). चष्मा आणि श्रवणयंत्र लावून द्या. रात्रीची रक्ततपासणी, आंघोळ आणि ड्रेसिंग एकत्र करून सलग झोपेचे तास राखा. हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाने डिलिरियमचा काळ कमी होत नाही. धोकादायक अस्वस्थतेत ते थोड्या काळासाठी वापरतात, आणि कधी बंद करायचे हे त्याच वेळी विचारून घ्यायचे.

हलवणे, पालथे करणे

व्हेंटिलेटर असतानाही रुग्णाला खाटेच्या कडेला बसवता येते. एफआयओटू ६० टक्क्यांखाली, पीप १० पर्यंत, मॅप ६५ च्या वर आणि नॉरॲड वाढत नाही, असे असेल तर फिजिओथेरपिस्टसोबत सुरुवात करा. एक व्यक्ती फक्त ट्यूब धरेल, एक नळ्या सांभाळेल, उरलेल्या शरीर. पहिल्यांदा बसवताना रक्तदाब पडतोच, म्हणून आधी डोक्याकडची बाजू टप्प्याने वर करा.

ऑक्सिजन सुधारावा म्हणून रुग्णाला पालथे करायला निदान पाच जण हवेत, आणि ‘एक-दोन-तीन’ मोजणारी व्यक्ती डोक्यापाशी, ट्यूब धरून. आधी नळीतून चालू असलेले फीड थांबवा, डोळे मिटून टेप लावा, ट्यूबची पट्टी नव्याने बांधा, ईसीजीचे इलेक्ट्रोड पाठीवर न्या. स्थिती निदान १६ तास ठेवतात. त्या काळात डोके आणि हात दर दोन ते चार तासांनी बदला. हनुवटी, गाल आणि कपाळावर व्रण पडतात आणि खांद्याच्या नसा ताणल्या जातात.

‘थांबा’ म्हणण्याची जबाबदारी

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंच्या कामात पाच साध्या गोष्टींनी सेंट्रल लाइनमुळे होणारे रक्तसंसर्ग खूप खाली आले: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा, शक्यतो मांडीची शीर टाळणे, नको असलेली लाइन काढणे. आपत्कालीन परिस्थिती नसेल तेव्हा नियम मोडला तर काम थांबवण्याचा अधिकार नर्सला होता. यादी छापणे सोपे, बोलणे अवघड. म्हणून वाक्य आधी ठरवून ठेवा: “सर, थांबा, गाइडवायर चादरीला लागली. नवा सेट देते.” चूक कुणाची हे बोलायचे नाही, काय लागले आणि मी काय देते एवढेच. इन्चार्ज सिस्टर आणि विभागप्रमुख त्या नर्सच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले नाहीत, तर हा अधिकार महिन्याभरात कागदावरच उरतो.

रोजच्या राऊंडला विचारा: ही लाइन आज का हवी? लघवीचा कॅथेटर का हवा? लाइनचे तोंड, म्हणजे हब, जोडण्यापूर्वी १५ सेकंद घासा आणि सुकू द्या. तोंडाच्या काळजीत ब्रशने दात घासणे महत्त्वाचे. तोंडात क्लोरहेक्सिडीन वापरण्याची सवय २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सोडायला सांगितली आहे.

आयसीयूच्या दाराबाहेर

अनेक रुग्णालयांत आयसीयूची नर्स वॉर्डात बोलावली जाते. न्यूज-२ (श्वास, नाडी, रक्तदाब वगैरेंवरून धोका मोजणारी पद्धत) गुण ५ झाले किंवा एकाच मोजमापाला ३ मिळाले तर तातडीने तपासणी, ७ झाले तर आणीबाणी. पोचताच श्वास पूर्ण मिनिट मोजा. वॉर्डाच्या चार्टवर सगळ्यांचे श्वास न मोजताच १८ लिहिलेले असतात. मग फोन. स्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, मागणी, या क्रमाने:

“डॉक्टर, आयसीयूची नर्स बोलतेय, खाट ८. पोटाच्या ऑपरेशनला दोन दिवस झालेत. श्वास २८, चार लिटर ऑक्सिजनवर ९१ टक्के, वरचा दाब ९४, नाडी ११८, ताप ३८.६, शुद्धीवर आहेत. न्यूज-२ गुण १३. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता यायला हवे. तोवर ब्लड कल्चर आणि लॅक्टेट पाठवते.”

कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचे, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक ताटकळत ठेवायचे नाही. वॉर्डातल्या नर्सला तिच्या रुग्णासमोर दोष देऊ नका. पुढच्या वेळी तिने लवकर बोलवावे असे वाटत असेल, तर आज ती बोलावल्याबद्दल पस्तावली नाही पाहिजे.

नातेवाईकांशी बोलताना

कुटुंबाच्या बैठकीत नर्सने बसलेच पाहिजे, कारण बैठकीनंतरचे प्रश्न तिलाच विचारले जातात. आत जाण्यापूर्वी डॉक्टरांशी दोन मिनिटे बोलून ठरवा: आज कोणती बातमी, कोणता निर्णय, कोण बोलणार. बैठकीत आधी विचारा, “तुम्हाला आतापर्यंत काय सांगितले आहे?” मोठी बातमी सांगितल्यावर गप्प राहा. नंतर खाटेपाशी वेगळा सूर लावू नका. “काही होणार नाही, धीर धरा” असे मायेने म्हटलेले वाक्य घरच्यांना मोठ्या गोंधळात टाकते. काय बोलले गेले ते चार्टमध्ये लिहा, नाही तर रात्रपाळी वेगळेच सांगते.

उपचार मागे घेण्याचे ठरले असेल तर क्रम आधी ठरवा. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम पूर्ण उतरलेला हवा, कारण त्याखाली त्रास दिसत नाही. वेदना आणि धाप यांसाठीची औषधे आधी सुरू करून परिणाम दिसू द्या. खाटेपाशचा मॉनिटर बंद करून बाहेरच्या पडद्यावर पाहा, म्हणजे घरचे लोक आकड्यांऐवजी माणसाकडे पाहतील.

इन्चार्जसाठी

नव्या जबाबदाऱ्या एकदम सुरू करू नका. एक निवडा, एका शिफ्टवर दोन आठवडे चालवा, आठवड्याला दहा चार्ट उघडून पाहा: रासचे लक्ष्य लिहिले होते का, गुंगी थांबवण्यायोग्य रुग्णांत ती थांबवली का, नसेल तर कारण काय. कारणांतच पुढचे काम दिसते. ‘सकाळी नऊला राऊंड असल्याने वेळ मिळाला नाही’ असे वारंवार आले तर गुंगी सहाला थांबवायची की राऊंड पुढे ढकलायचा, हे डॉक्टरांसोबत बसून ठरवा.

गुंगी हलकी ठेवायला लागल्यावर एखाद्या रुग्णाने ट्यूब ओढली, तर त्या दिवशी तुमची प्रतिक्रिया काय होते यावर सगळे ठरते. नर्सला जाब विचारला तर दुसऱ्या दिवशी पूर्ण विभागात गुंगी खोल होईल, कुणी न सांगता. त्याऐवजी पाहा: ट्यूब कशी बांधली होती, हात मोकळा का होता, एसबीटीची वेळ टळली होती का, शेजारच्या खाटेवर कोण अडकले होते.

व्हेंटिलेटरवरच्या, अनेक अवयव निकामी होत असलेल्या रुग्णामागे एक नर्स आणि तुलनेने स्थिर अशा दोघांमागे एक, या हिशेबानेच वरची कामे झेपतात. ते जमत नसेल त्या शिफ्टला काय पुढे ढकलायचे हे इन्चार्जने सुरुवातीलाच ठरवावे, नर्सवर सोडू नये. चालवणे, केस धुणे, ऐच्छिक स्थलांतर थांबू शकते. पंप आणि ट्यूबची फेरी, वेदनेचे मोजमाप आणि कुशी बदलणे थांबू शकत नाही. खाट सोडून जाता येत नसेल तर त्या दिवशी गुंगी पूर्ण थांबवण्याऐवजी डोस टप्प्याने उतरवा, आणि काय राहिले, का राहिले हे हँडओव्हरमध्ये लिहा, म्हणजे पुढची शिफ्ट तिथूनच सुरुवात करेल.